हालचाल नसेल तर

लक्झेंबर्गच्या विमानतळाला खेटून आमचं गोदाम.
खिडकी औषधालाही नाही. आत बारा महिने एकवीस अंश,
हवेतली ओलसुद्धा पगारावर ठेवल्यासारखी,
ठरलेली तेवढीच.

पेटी क्रमांक चारशे एकोणीस माझ्या मजल्यावर.
अकरा वर्षांत ती तीनदा विकली गेली
आणि तसूभर हलली नाही.
आधी कुणी दातांचा डॉक्टर, मग सिंगापूरची कंपनी,
मग नुसती चार अक्षरं, ज्यांना फोनही नसतो.
दर वेळी मी जुनी चिठ्ठी खरवडायचो, नवी डकवायचो.
डिंकाचे तीन थर. एवढाच तिचा प्रवास.

मंगळवारी रात्री ओलाव्याचा काटा सरकला.
विम्याचा नियम आहे : उघडा, दिव्याखाली तपासा, फोटो काढा.
चोवीस स्क्रू. मी ते टोपीत ठेवतो, खिशात हरवतात.

आतून निघालं एक स्वयंपाकघर.
पांढरं टेबल, पांढरी बशी, खुर्च्या तीन, खिडकी बंद.
कागदावर लिहिलेलं : आउश्रीने वाइत्कुते, कौनास, बारापैकी सातवी प्रत.
खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, याचे एवढे पैसे?
चुना लावणाऱ्यानं दुपारच्या सुट्टीत काढलं असावं.

तरी काम ते काम. दिवा जवळ ओढला,
कोपरा न् कोपरा तपासला, वीसेक मिनिटं.
पंगतीत वाढावा तसा उजेड वाढत गेलो
आणि मला पत्ताच नाही की समोरचं जेवतंय.

मग दिवा बंद केला, मांडीवर अहवाल घेतला.
ओरखड्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, आठवेना.
पोर्तुगीज शब्दच पुढे पुढे करत होता.
आमच्या छतावरचे दिवे काटकसरी आहेत :
तीन मिनिटं कुणी हललं नाही
तर आत कुणी नाही असं समजतात.

विझले.

आणि टेबलावर नारिंगी दिवा लागला.
खिडकी उघडी होती. बशीत मासे होते.
तिसऱ्या खुर्चीवर एक बाई, पाठमोरी,
खांद्यावर जांभळी शाल.

हात उचलला असता तर सगळं गेलं असतं.
नाक खाजत होतं. खाजवलं नाही.
बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच
माझ्या न हलण्याचा कुणाला उपयोग होता.

नारिंगी आधी गेलं, दूध वर यायच्या आत गॅस बंद करावा तसं.
मग शाल. ती तशीच बसून राहिली, उघड्या खांद्यांनी.
निळं जायला खूप वेळ लागला,
मासे गेले, नंतर तिचे हात.
पेनिशच्या सार्डिनच्या कारखान्यातून घरी येणारे
एक हात मला माहीत आहेत,
लिंबू चोळून चोळूनही वास न गेलेले.
पण ही पाठमोरी होती.
आणि चिठ्ठ्या मी आयुष्यात पुष्कळ डकवल्यात,
हिला नको.

शेवटी हिरवं उरलं. खिडकीची कडी,
तिच्यापलीकडे एक आडवी रेघ,
समुद्र म्हणायचा तर समुद्र.

मग पोटरीत वांब आला. मी हललो.
छतावरचे दिवे अंगावर आले.
पांढरं टेबल, पांढरी बशी, जसं काही झालंच नाही.

अहवालात एक चौकट असते :
मागील तपासणीनंतर काही बदल?
मी लिहिलं, नाही.
खाली सही केली, आदेलिनो क्विंताश,
नेहमीपेक्षा जरा वाकडी आली.

स्क्रू बसवायच्या आधी
टोपी साफ केली, कपाट पुसलं, उगाच एक सिगारेट
न पेटवता ओठात धरली.
दिवा तेवढा वेळ पेटीवर लावून ठेवला होता.
झाकण अगदी शेवटी.

सहाच्या बसमध्ये काचेवर दव.
दुल्स शेजारी पेंगत होती, बादलीच्या कडीचा वळ हातावर घेऊन.
मी घड्याळ पाहिलं.
आता शाल गेली असेल.
मासे असतील अजून.